बारा मेंढरांची चावी

"सर, डिक्रिप्ट म्हंजे काय वो?"

दर बॅचमदी हा प्रश्न एकदा तरी येतोच. सोलापुरात सात रस्त्याच्या पुढं एका कॉम्प्युटर क्लासमदी मी शिकवतो. शिकवतो म्हंजे, मोठे सर शिकवतात आन् त्यांचं उरलंसुरलं मी सांगतो. सिक्युरिटीचा धडा असाच माझ्या वाट्याला आलाय. त्या दिवशी विचारणारी पोरगी पूर्व भागातली होती. घरी चादरीचे माग, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी आन् वहीत सगळं इंग्रजी. तिला पुस्तकातली व्याख्या वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता, तिनं ती माझ्या आदीच वाचली असणार. म्हणून मी माझ्या पद्धतीनं सुरू झालो.

"हे बगा. कपाटात ज्वारी ठेवली आन् कुलूप लावलं. चोरानं कुलूप तोडलं, तर आत काय? ज्वारीच. हे झालं नुसतं कुलूप. एन्क्रिप्ट म्हंजे काय, तर ज्वारी दळून आणली आन् पीठ उघड्यावर ठेवलं. या बाबानू, बगा. सगळ्यांना दिसतंय, पण कुटल्या दाण्याचं कुटलं पीठ, कुणाला कळत न्हाय. आन् डिक्रिप्ट म्हंजे, त्या पिठाची परत तीच ज्वारी करायची. दाणा न् दाणा, जागच्या जागी."

मागच्या बाकावरनं एक आवाज आला, "पिठाची ज्वारी हुती व्हय सर?"

"चावी असली की हुती की."

मग मी गिरणीवाल्याचा आवाज काढला, तोंडात पीठ गेल्यागत बोलणारा, "लाईट गेलीया बाई, उंद्या या." सगळे हसले. ती पोरगी मात्र पेन हातात धरून बसली होती.

"आन् चावी हरवली तर?"

"तर भाकरी करून खायची."

परत सगळे हसले. मीपण हसलो आन् फळा पुसायला वळलो. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

कारण त्या वेळी माझ्याकडं असंच एक पीठ होतं. चाळीस मिनिटांचं. त्यात माझ्या अप्पांचा आवाज होता.

आमचं गाव मंद्रूपच्या अलीकडं. थोडं रान, त्यात पिकलं तर पिकलं, आन् मेंढरं. शाळा मंद्रूपला केली. अभ्यासात मी मधला, पण नकला करण्यात पहिला. हेडमास्तर खाकरून "कोण रे तिकडं" म्हणायचे ते, एसटीचा कंडक्टर दार आपटून "चला सुट्टे काढा" म्हणायचा ते, शेजारची मावशी निम्मं कानडी निम्मं मराठी बोलायची ते, "येन् माडली बाई, चा ठिवते." मावशीचा आवाज काढून मी एकदा तिच्याच नवऱ्याला घरी बोलावलं होतं. तो आला पण. त्या दिवशी मावशीनं मला खराटा घिऊन वस्तीभर पळवला.

पण माझा खरा हिट आयटम म्हंजे अप्पा. अप्पा मेंढरांना हाक मारायचे ते. "हुर्रर्र... ये ये ये... हाऽऽ." ओढ्याच्या पलीकडनं मारली तरी मेंढरं माना वर करायची. ती हाक मारली, की खांद्यावरची घोंगडी सारखी करायची आन् तोंडातल्या तोंडात मेंढरांना शिव्या द्यायच्या. तेवडं मी केलं की पोरं लोळायची.

सोलापुरात डिप्लोमाला आलो तेव्हा दुसऱ्या वर्षाला गॅदरिंगमदी नाव दिलं. म्हणलं, नुसतं आठवून करण्यापेक्षा एक दिवस जाऊन ताजा माल आणू. रविवारी गावाकडं गेलो आन् दिवसभर अप्पांच्या मागं रानात फिरलो. मोबाईल शर्टाच्या वरच्या खिशात, रेकॉर्डिंग चालू. अप्पांना सांगितलं न्हाय. सांगितलं की माणूस रेडिओवर बोलल्यागत बोलतो.

"खिशात काय चमकाय लागलंय रं?"

"टाईम बगतोय अप्पा."

"टाईम खिशात बगत्यात व्हय? वर बग. सूर्य हाय की."

गॅदरिंगला मी घोंगडी घेतली, काठी घेतली आन् अप्पा केले. असा हशा मी आजपर्यंत कदी ऐकला न्हाय. कुणीतरी त्याची क्लिप काढली आन् सोडली सगळीकडं. दुसऱ्या दिवशी कँटीनमदी शिरलो की एका टेबलावरनं "हुर्रर्र". लायब्ररीत गेलो की रॅकच्या मागनं "ये ये ये". तीन दिवस मला लई भारी वाटलं. चौथ्या दिवशी एक जण म्हणला, "तुझा बाप खरंच असा ओरडतो? आमच्याकडं ट्रॅक्टरचा हॉर्न असा वाजतो." सगळे हसले. मीपण हसलो. आन् हसता हसता मला कळलं की मी काय करून बसलोय.

त्या संध्याकाळी खोलीवर येऊन ते मूळ रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेतलं आन् मोबाईलमधनं पुसून टाकलं. नेमकं त्याच महिन्यात आम्हाला एन्क्रिप्शनचं प्रॅक्टिकल होतं. माझ्या खोलीत दोघं पार्टनर, लॅपटॉप माझा पण हात सगळ्यांचे. म्हणलं, क्लिप तर गेली, आता निदान अस्सल तरी ह्यांच्या हातात पडू नये. चोराला कोण भीत होतं? मी हसणाऱ्याला भ्यालो होतो.

प्रॅक्टिकलच्या मॅडमनी सांगितलं होतं, "पासवर्ड किमान बारा अक्षरांचा पाहिजे. तुम्ही कधी विसरणार नाही आणि दुसऱ्याला कधी सुचणार नाही असा." मी एका मिनिटात ठरवला. हजेरी.

हजेरी म्हंजे आमच्या अप्पांची. संध्याकाळी मेंढरं वाडग्यात, म्हंजे काट्याच्या कुंपणात घालायची वेळ झाली की अप्पा तोंडाशी उभे राहायचे. मेंढरं म्हणलं की लोकांना वाटतं नुसती गर्दी. तसं नसतंय. आत शिरताना त्यांची रांग ठरलेली असते. पुढची पुढं, मागची मागं, रोज तीच. अप्पा एकेकीच्या पाठीवर हात ठेवायचे आन् नाव घ्यायचे, "पुढारीण... सासू... कबरी..." एकीला जागोजागी थांबून बांध हुंगायची सवय, तिचं नाव तलाठी. पहिली बारा नावं एका दमात व्हायची, मग अप्पा श्वास घेऊन पुढची घ्यायचे. लहानपणापासून रोज ऐकून मला ती पाढ्यागत पाठ होती. त्या पहिल्या बारा मेंढरांच्या नावांची पहिली अक्षरं, रांगेनं. झाला पासवर्ड. म्हणलं, जगातला कुटलाबी हॅकर आला तरी तो आमच्या वाडग्याच्या तोंडाशी कदी उभा राहिला नसणार.

एवडी हुशारी केली आन् ती चाळीस मिनिटं विसरून गेलो.

डिप्लोमा झाला, मी क्लासमदी शिकवायला लागलो. मग अप्पांचा घसा बसला. बसला तो उठलाच न्हाय. गावातला काढा झाला, मंद्रूपचा डॉक्टर झाला, मग सोलापूरचा मोठा दवाखाना. घशात गाठ. आवाजाची पेटी काढावी लागणार म्हणले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी नर्सबाई आल्या. चांगल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणल्या, "उद्यापासून यांचा आवाज राहणार नाही. त्यांना काही बोलून ठेवायचं असेल तर आज मोबाईलमधे घेऊन ठेवा. आम्ही सगळ्यांनाच सांगतो."

मी काय म्हणलो म्हाईत हाय?

"हाय की सिस्टर. माझ्याकडं चाळीस मिनिटं हाय."

आज मला तो मी समोर सापडला तर मावशीच्या खराट्यानं हाणीन. बोलताना माझ्या मनात तेच होतं, की अप्पांना समोर बसवून "बोला, शेवटचं बोला" म्हणायचं कसं? म्हणून मी ते टाळलं आन् वरनं त्याला हुशारीचं नाव दिलं. त्या दिवशी अप्पा जेमतेमच बोलले. जो काय आवाज उरला होता त्यातलं शेवटचं वाक्य ना मला, ना आईला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला म्हणले, "पंखा जरा इकडं फिरवा की."

ऑपरेशन झालं. अप्पा घरी आले. गळ्याला एक भोक, त्याच्यावर पातळ कापड. दवाखान्यानं लिहायला पाटी दिली होती. अप्पा चौथीपर्यंत शिकलेले, लिहायला येतं. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती पाटी पेंडीच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली. ओठ हलवायचे आन् हात हलवायचे, एवड्यावर घर चालू झालं.

पहिल्या महिन्यात मला लॅपटॉपची आठवणपण झाली न्हाय. मग एका रविवारी गावाकडं गेलो असताना आई चुलीपुढं भाकरी थापत होती. ती माझ्याकडं न बगता म्हणली, "ए बाबा, सगळ्यांचं आवाज काढतुस. एकदा तुझ्या अप्पावानी बोल की."

अप्पा बाहेर होते. मी बसल्या जागी घोंगडी सारखी केल्यागत खांदा उडवला आन् हाक मारली. शिव्या पण घातल्या, सगळा आयटम केला. आई हसली न्हाय. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आन् म्हणली, "हे तुझं हाय. त्येंचं न्हाय."

"आये, सगळं कॉलेज हसलं हुतं ह्याच्यावर."

"हसायचं असंल. मला ऐकायचं हुतं."

परत सोलापूरला येताना एसटीत खिडकीशी बसून मी मनातल्या मनात अप्पांना बोलायला लावायचा प्रयत्न केला. खरं बोलायला, आयटममदलं न्हाय. "जेवलास का" एवडंच. आलं न्हाय. दर वेळी माझाच आवाज यायचा, स्टेजवरचा, फुगवलेला. नकला करणाऱ्याची एक गोष्ट कुणी सांगत न्हाय. एकच माणूस शंभर वेळा केला, की तो माणूस आपल्या कानातनं निघून जातो आन् त्याच्या जागी आपण जाऊन बसतो. कंडक्टरचं तसं झालं तर झालं, कंडक्टर दुसरा मिळतो.

खोलीवर आलो आन् लॅपटॉप उघडला. पासवर्ड मागितला. मी धडाधड बारा अक्षरं टाकली.

चुकीचा पासवर्ड.

हसलो. परत टाकला. परत चुकीचा. मग कागद घेतला आन् नावं लिहायला बसलो. पुढारीण, सासू, कबरी, लंगडी, तलाठी. इथपर्यंत पाण्यागत आलं. पुढं बांडी होती की रडकी? पावणी त्या वर्षी आली होती का आदल्या? चोरटी नेहमी मधी घुसायची, पण कितवी? नऊ नावं पक्की होती, रांग पक्की नव्हती, आन् तीन नावं तर गेलीच होती. मॅडमनी सांगितल्यासारखं झालं होतं, दुसऱ्याला सुचणार नाही असा. त्यात मी पण दुसरा झालो होतो.

दोन आठवडे रोज क्लास सुटला की उलटसुलट करून बगत बसलो. शेवटी क्लासच्या मोठ्या सरांकडं गेलो.

"सर, एक फाईल डिक्रिप्ट करून पायजे."

"चावी?"

"तीच न्हाय."

सरांनी चष्मा काढला. सर असं काही महत्त्वाचं असलं की चष्मा काढतात. "मग डिक्रिप्ट म्हणू नकोस. तू पोरांना शिकवतोस आणि तूच असं बोलतोस? लोक येतात, मोबाईल पुढं ठेवतात, म्हणतात डिक्रिप्ट करून द्या. त्यांना म्हणायचं असतं, तोडून द्या. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिक्रिप्ट हा शब्द चावीवाल्याचा. ज्याचं आहे तो, किंवा ज्याच्यासाठी ठेवलंय तो, बरोबर चावी लावून मूळ मजकूर परत आणतो, त्याला डिक्रिप्ट म्हणायचं. चावी नसताना अंदाज लावत, सगळ्या जोड्या लावून बघत जो करतो, तो तोडतो. क्रॅक करतो."

"मग तोडा की सर."

"बारा अक्षरं? कशाची आहेत?"

"मेंढरांची."

सरांनी चष्मा घातला, माझ्याकडं बगितलं आन् परत काढला. मी सगळं सांगितलं. हसतील वाटलं होतं, हसले न्हाईत. कागदावर थोडा हिशेब केला. म्हणले, "मशीनला लावू शकतो. पण मशीनला चावी सापडेपर्यंत तुझा नातू हा क्लास चालवत असेल. त्यापेक्षा ज्याच्याकडं चावी आहे त्याला विचार."

"चावी माझीच होती सर."

"तुझी कुठली? तू फक्त टाईप केलीस. मेंढरं कुणाची?"

पुढच्या रविवारी लॅपटॉप पिशवीत घालून गावाकडं गेलो. एसटीत बसल्यापासून मी काय बोलायचं ते पाठ करत होतो. कारण हजेरी विचारायची म्हंजे ती कशाला पायजे ते सांगायला पायजे, आन् ते सांगायचं म्हंजे रेकॉर्डिंग चोरून केलं हे सांगायला पायजे, आन् कशासाठी केलं हे पण. अप्पांना स्टेजचं मी कदी सांगितलंच नव्हतं.

दुपारी लिंबाखाली अप्पा दोरी वळत बसले होते. मी समोर बसलो आन् एका दमात सगळं ओकलो. खिशातला मोबाईल, घोंगडी, स्टेज, क्लिप, हसणारी पोरं, पासवर्ड. आई दारात उभी राहून ऐकत होती.

"आरं मुडद्या," ती म्हणली, "सवताच्या बापाला नाचवलास व्हय चार लोकांत?"

अप्पांनी दोरी खाली ठेवली. उठले. मला वाटलं आता एक बसणार. त्यांनी खांद्यावरची घोंगडी घेतली, छाती पुढं काढली, मान नको तेवडी वाकडी केली, आन् काठी हवेत फिरवत चार पावलं असं चालले, असं चालले, की मला काय चाललंय ते कळायलाच येळ लागला. ओठ गोल करून, गाल फुगवून, बिनआवाजाची एक हाक मारली आन् मग समोर बगून हळूच वाकले, टाळ्या घेतल्यागत.

अप्पा मला करत होते. मी स्टेजवर अप्पांना केलं होतं, ते.

क्लिप त्यांनी बगितली होती. आमच्या गावात कुणाकडं काय पोचत न्हाय? केव्हाच बगितली होती, आवाज होता तेव्हा. आन् मला एका शब्दानं बोलले नव्हते.

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. मला हसू येत होतं आन् दुसरं पण काहीतरी येत होतं. माझी नक्कल एवडी चांगली आजवर कुणी केली न्हाय. गावात सगळे म्हणायचे, हे पोरगं कुणावर गेलंय कोण जाणे.

हजेरी विचारली तेव्हा मात्र अप्पा अडकले. बोटांवर मोजत पाच-सहापर्यंत गेले आन् थांबले. ओठ हलवून बगितले. डोळे मिटून बगितले. मग गळ्यावरच्या कापडाला हात लावला आन् नाही म्हणून मान हलवली. मला वाटलं वय झालं, विसरले. आई म्हणली, "तसं न्हाय रं. ते म्हणल्याशिवाय येत न्हाय. मला जात्यावरचं गाणं नुसतं इचारलास तर मी तरी कुटं सांगणार? जातं फिरलं की येतंय." हजेरी त्यांच्या डोक्यात कदी नव्हतीच. जिभेवर होती. आन् मी आलो होतो ती घ्यायला, आवाज गेल्यावर.

संध्याकाळ झाली. मेंढरं परत आली, चुलत्यानं हाकलून आणली. औषधपाण्यात निम्मी विकली होती, त्यामुळं आता वीस-पंचवीसच. वाडग्याचं तोंड उघडलं. अप्पा नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले आन् त्यांनी चुलत्याला खूण केली, थांब. मला खूण केली, इकडं ये. लॅपटॉप आण.

मी लॅपटॉप पत्र्याच्या पेटीवर ठेवला. अप्पांनी मेंढरांना आत जाऊ दिलं न्हाय. ते स्वतः रांगेच्या सुरवातीला गेले आन् एकेक मेंढी होऊन आत आले.

पहिल्यांदा मान ताठ, मागं न बगता. पुढारीण. मग शेजारणीला ढुशी मारत, ओठ आवळून. सासू. कबरी. लंगडी, पाय ओढत. तलाठी थांबली, कुंपण हुंगलं, मग आत. दर खेपेला अप्पा आत येऊन माझ्याजवळ थांबायचे, मी नाव म्हणायचो, ते मान हलवायचे, हवेतच एका पाठीवर हात ठेवायचे आन् परत बाहेर जायचे. ज्या मेंढ्या विकल्या त्यांच्यावरपण हात ठेवला. सहाव्या खेपेला ते खालचा ओठ लोंबवून, डोळे बारीक करून, सगळ्यांवर रुसल्यागत आले.

"रडकी!" मी ओरडलो. "बांडी न्हाय, रडकी!"

मग बांडी. मग दोन्ही बाजूला बगत, परक्या घरात शिरल्यागत, पावणी. चोरटी नववी निघाली, अंग चोरून दुसरीच्या पोटाखालनं. दहावीला अप्पा अगदी सावकाश आले, गुडघ्यावर हात ठेवत, मधी दम खात.

"म्हातारी," आई म्हणली. ती कदी येऊन उभी राहिली ते मला कळलंच नव्हतं. "आमच्या लग्नातल्या मेंढीची लेक. ती गेली तवा तुमी जेवला न्हवता."

अकराव्या खेपेला कपाळाच्या मधी बोट टेकवत आले, तिचं नाव टिकली. बारावीला अप्पा लाजत, पायाकडं बगत आले. नवरी. बाहेर खरी मेंढरं उभी राहून हे सगळं बगत होती. चुलता डोक्याला हात लावून म्हणला, "दादा, आता तुमाला पाला टाकू का?"

मी बारा अक्षरं टाकली. एंटर मारलं.

उघडलं.

सुरवातीला नुसता वारा. मग खिशाचं कापड घासल्याचा आवाज. मग माझा आवाज, नको तेवडा मोठा, नको तेवडा खूष. मी बोलतोय, बोलतोय, बोलतोय. कॉलेजचं सांगतोय, कँटीनवाल्याचा आवाज काढतोय, सिनेमा सांगतोय. मला वाटलं, गप की रे, त्यांना बोलू दे की जरा. पाचव्या मिनिटाला अप्पा बोलले. "पाणी प्यालास का?"

एवडंच. पण ते अप्पा होते. माझ्या आयटममदल्यापेक्षा हळू, जाड, आन् घाई नसलेलं. आई खाली बसली. मातीतच बसली.

मग ती हाक आली. "हुर्रर्र... ये ये ये... हाऽऽ." मी शेवट वर चढवायचो. अप्पांचा शेवट खाली उतरत होता, दमलेल्या माणसानं ओझं ठेवल्यागत. आन् हाक संपल्यावर एक बारीक खोकला. थोड्या वेळानं परत हाक, परत खोकला. तो खोकला मला म्हाईत होता. तो मी स्टेजवर घेतला होता. सगळ्यात जास्त हशा तितंच होता. तेव्हा आमच्यातल्या एकाच्यापण मनात आलं न्हाय की हा खोकला आदी न्हवता.

मी अप्पांकडं बगितलं न्हाय. मला बगवलं न्हाय. त्यांनी माझ्या खांद्याला बोट लावलं आन् हातानं खूण केली, मागं घे.

मी मागं घेतलं, हाकेपर्यंत.

नको. आणखी मागं.

"पाणी प्यालास का"पर्यंत घेतलं. नको. त्यांनी माझा हात बाजूला केला आन् जाड बोटानं स्वतःच ती रेघ सरकवली, पार सुरवातीला. तितं अप्पांचा आवाजच न्हाय. तितं मी बडबडतोय आन् मेंढरांच्या पायांचा आवाज.

"अवो," आई म्हणली, "त्याचं काय ऐकताय? ते तर समूर बसलंय. तुमचं लावू द्या की."

अप्पांनी नको म्हणून मान हलवली. काठीवर हनुवटी टेकली आन् ऐकत बसले. रेकॉर्डिंगमदला मी कँटीनवाल्याचा आवाज काढत होतो आन् त्याच्याजवळ कुणीतरी, अगदी बारीक, श्वासाएवडं हसत होतं. आदी मला ते वाऱ्यात ऐकूच आलं नव्हतं.

मी महिन्यातनं एकदा गावाकडं जातो. त्या दिवशी सकाळी आलो, संध्याकाळी लॅपटॉप उघडला, आन् सात वाजता मंद्रूपवरनं शेवटची गाडी होती. चुलता म्हणला, "गाडी चुकंल की रं." मेंढरं अजून बाहेरच होती, अप्पा रेघ परत मागं सरकवत होते.

"चुकू द्या," मी म्हणलो.